पाहुण्यांचा कोपरा

खांद्यावर पडलेला हात इतका हलका होता, की श्रीनिवास मोडकांना वाटलं, मराठी मंडळातलंच कुणीतरी ओळखीचं असणार. म्हणून ते अर्धवट हसतच वळले. मागे एक म्हातारा गोरा उभा होता. ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि कॉलरच्या फटीतून स्कार्फची निळी कड बाहेर डोकावत होती. "नेव्हर माइंड, मेट," तो म्हणाला, अगदी मनापासून, हॉस्पिटलच्या दारात भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं, आणि पोलिसांच्या घोड्यांमागून गर्दीत दिसेनासा झाला. झालं ते एवढंच. पण मोडक तिथेच फुटपाथवर थांबले आणि मागून येणारी माणसं त्यांना धक्के देत पुढे जाऊ लागली. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. गाणी ऐकायची होती. तेहतीस वर्षं बर्मिंगहॅमच्या व्हिला या फुटबॉल टीमच्या मागे घालवलेल्या माणसाला शहरातल्याच दुसऱ्या टीमच्या, निळ्या ब्लूजवाल्यांची गाणी नवी नव्हती, त्यातली दोन-तीन तर त्यांना तोंडपाठ होती. चिडवलं असतं तर चिडून उत्तर देता आलं असतं, पण या म्हाताऱ्याने त्यांची चक्क कीव केली, आणि तीही त्यांच्याच मैदानाच्या दाराशी, त्यांच्याच रस्त्यावर. त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. थंडीचं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते चालू लागले.

दोन-एक. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले, आणि पुढचा सगळा वेळ नुसती धडपड. अगदी शेवटी, लोक निघायला लागले असताना, आपला एक गोल झाला. त्याचा आनंद कुणी करायचा? शेजारची खुर्ची रिकामी होती. ईशानी सात वर्षांची असल्यापासून त्या खुर्चीत बसत आलेली. आधी पाय जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून लोंबकळत ठेवणारी, मग कॉलेजातल्या मैत्रिणींना फोनवर स्कोअर कळवणारी, मग पगार झाल्यावर स्वतःच्या पैशाने बाबांना मध्यंतराला चहा पाजणारी. गोल झाला की ती आधी बाबांच्या दंडाला धरायची आणि मग ओरडायची. आज शेवटच्या मिनिटाला मोडकांचा डावा हात आपोआप बाजूला झाला, तिला धरायला जागा म्हणून, आणि तसाच परत खिशात गेला. ईशानी येणार नव्हतीच. आज संध्याकाळी पाच वाजता तिचा साखरपुडा होता.

आता हा घोटाळा कुणाचा, हे मोडकांना पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच ते त्याचं खापर टीव्हीवाल्यांवर फोडत होते. जुलैत मुहूर्त काढताना लेस्टरच्या गुरुजींनी पंचांग पाहिलं. सुचेताने हॉलची तारीख पाहिली, मुंबईच्या नणंदेचं विमान पाहिलं, ऑफिसांच्या सुट्ट्या पाहिल्या. मॅचच्या तारखांची फिक्स्चर लिस्ट मोडकांनी पाहिली होती, व्हिला-ब्लूजची डर्बी शनिवारी होती, साखरपुडा रविवारी, आणि या योगायोगावर ते मनातल्या मनात खूशही झाले होते. मग टीव्हीवाल्यांनी मॅच उचलली आणि रविवारी दुपारी बाराला नेऊन ठेवली. दोनला संपते, तीनला घरी, पाचला आपण हॉलवर, असा हिशेब त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला तेव्हा सुचेता काहीच बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प बसली की त्याचा अर्थ काय, हे न कळायला मोडक काही खुळे नव्हते. पण त्यांनी वेड पांघरलं. ईशानीच मधे पडली. "बाबा, तू जा ना. आय डोन्ट माइंड. पण हरलो तर सल्क नाही करायचा. आणि अलकाकाकूशी नीट बोलायचा. प्रॉमिस?" मराठीची अशी मोडतोड करून बोलली की तिला नाही म्हणणं मोडकांना कधीच जमलेलं नव्हतं. ते प्रॉमिस म्हणाले. हरू असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तर, अलकाकाकू. मोडक विटनच्या रेल्वेपुलाखालून चालत होते, भिंती ओल्या होत्या, पुढचे चार तरुण कुणाला तरी मोबाइलवर शिव्या देत होते, आणि मोडकांना ती बाई डोळ्यांसमोर दिसत होती. आज पूर्ण नव्वद मिनिटं त्यांनी मॅचपेक्षा मैदानातला पाहुण्यांचा, म्हणजे ब्लूजवाल्यांना बसवलेला कोपराच जास्त पाहिला होता. तीन हजार निळी माणसं, आणि त्यांत कुठेतरी अलका खरे, प्रणवची आई, आपली होणारी विहीण. साठीच्या आसपासची, बारीक चणीची, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी बाई. ती तिथे असणार यात त्यांना शंकाच नव्हती. या मॅचसाठी ती काय वाटेल ते करेल. पहिला गोल झाला तेव्हा तो कोपरा उकळत्या दुधासारखा वर आला, आणि मोडक त्यात एकेक चेहरा शोधत राहिले. तिला नाचताना पाहायचं होतं त्यांना. म्हणजे मग संध्याकाळी तिच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

राग तरी कशाचा? मे महिन्यात खरे मायलेक पहिल्यांदा घरी आले, तेव्हाच तो सुरू झाला होता, आणि त्या वेळीही त्याला धड कारण नव्हतं. प्रणव चांगला मुलगा होता. केंब्रिजला शिकलेला, बोलायला शांत, ईशानी बोलत असताना तिच्याकडे पाहणारा. त्या दोघांची भेट कुठे झाली, तर एका डर्बीनंतर, बंद पडलेल्या बसमध्ये, एकमेकांच्या स्कार्फवरून भांडताना. सुचेताला ही गोष्ट फार आवडायची, मोडकांना मुळीच नाही. अलकाबाई आल्या, दिवाणखान्यात भिंतीवर लावलेल्या ब्याऐंशी सालच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. युरोपचा कप जिंकलेली व्हिला. मोडकांनी मनात उत्तर तयार ठेवलं. पण बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "फार छान टीम होती हो ती. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी दार उघडलं नाही. मी आपली खिडकीतून ऐकत होते, लांबून आवाज यायचा." आणि हसल्या. मग चहा घेताना प्रणवने सांगितलं. ज्या वर्षी ब्लूज घसरत घसरत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली, त्याच वर्षी त्याचे बाबा, कमलाकर खरे, गेले. हार्ट अटॅक. लोकांना वाटलं, आता या बाई तिकडे कशाला फिरकतात. पण पुढच्या सीझनला पहिल्याच शनिवारी त्या मैदानावर हजर. पुढे प्रणव केंब्रिजला गेल्यावर एकट्या. नुसत्या घरच्या मॅचना नव्हे, बसने बाहेरगावच्या अवे मॅचनाही. थर्मासमध्ये चहा, चटणीची सँडविचेस, मांडीवर हॉट वॉटर बॅग. "हार्टलपूलला गेली होती आई," प्रणव म्हणाला, "जानेवारीत. समुद्राचा वारा डायरेक्ट अंगावर. आणि तीन-शून्य हरलो." अलकाबाई मान हलवून म्हणाल्या, "चार रे. चौथा तू विसरतोस नेहमी." मोडक तेव्हा खाकरले होते. त्यांना वाटलं होतं, हरण्याची एवढी हौस असणं हा काही कौतुकाचा विषय नव्हे.

पण घर जवळ येईपर्यंत तेच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. म्हाताऱ्याचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटत होता. हार्टलपूलला मोडकही गेले असते का? सुचेता अचानक गेली असती, टीम रसातळाला गेलेली, आजूबाजूला एक माणूस आपल्यासारखं दिसणारं नाही, अशा वेळी बसमध्ये बसून, चार गोल खाऊन, भिजून, परत सोमवारी कामावर? एकाहत्तर साली ते बर्मिंगहॅमला आले, तेव्हा व्हिलाही तिसऱ्या डिव्हिजनमध्येच होती. हे ते हल्ली कुणाला सांगत नसत. ड्रॉइंग ऑफिसातल्या टेरीने त्यांना पहिल्यांदा नेलं होतं. पावसात भिजलेली हजारो माणसं, तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि एका क्षणी कुणा अनोळखी माणसाने त्यांना मिठी मारली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या देशात आल्यापासून आपल्याला कुणी हातही लावला नव्हता. ते पंचवीस वर्षांचे होते. त्या मिठीपायी ते व्हिलाचे झाले, कपांपायी नव्हे. पुढे कप आले आणि मोडकांना ताठा आला, हे टेरीने एकदा तोंडावर सांगितलं होतं. टेरी जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

घरी कुणी नव्हतं. पलंगावर सुचेताने त्यांचा रेशमी कुर्ता काढून ठेवला होता, इस्त्री केलेला, शेजारी पायजमा, रुमालसुद्धा. चिठ्ठी नाही, काही नाही. मोडकांनी गरम पाण्याखाली बराच वेळ डोकं धरलं. बाहेर आले आणि आरशासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना एकदम स्वच्छ कळलं की आपल्याला भीती वाटते आहे. मॅच गेल्याचं दुःख होतंच, ते आठवडाभर राहणार होतं, तेही ठीक. पण भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. ईशानी त्या घरात जाणार. त्या घरात शनिवारी दुपारी सगळे निळे स्कार्फ घालून निघणार, आणि ती काय करणार? आधी गंमत म्हणून एखाद्या मॅचला जाईल. मग सासूला सोबत म्हणून. मग एक दिवस फोन करून म्हणेल, बाबा, या वर्षी माझं सीझन तिकीट रिन्यू नको करूस. ती हे फार प्रेमाने म्हणेल, आणि आपण "हो हो, चालेल" म्हणू. आणि मग ती खुर्ची कुणा परक्याला मिळेल. मुलगी सासरी जाते याचं रडं जगात सगळेच बाप रडतात. आपल्या मुलीबरोबर आपले शनिवारही जाणार, हे कुणाजवळ बोलायचं? लोक हसले असते. मोडकांना स्वतःलाच हसू आलं, आणि ते कुर्त्याची बटणं लावू लागले.

एर्डिंग्टनच्या चर्चचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला होता. साडेचारला गाडी लावून मोडक आत शिरले ते चेहरा नीट करूनच. अलकाबाई विजयाच्या थाटात उशिरा येतील, निळी साडी असेल, आल्या आल्या काहीतरी बोलतील, आणि आपण काय म्हणायचं हे त्यांनी गाडीत तीनदा घोकलं होतं. आत ऊब होती. खुर्च्या मांडलेल्या, टेबलांवर पांढरे कागद, एका कोपऱ्यात चौरंगाभोवती रांगोळी, आणि अननसाच्या शिऱ्याचा वास. रांगोळीशेजारी उकिडवी बसून, पदर खोचून, एक बाई पायघडीची गुंडाळी सोडत होती. तिने मागे वळून पाहिलं. त्या अलकाबाई होत्या.

"या, श्रीनिवासराव," त्या म्हणाल्या. "हे टोक जरा धरता का?"

मोडकांनी टोक धरलं. पायघडी अंथरून झाली. मग सुचेता त्यांना किचनमध्ये घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली होती. "अकरा वाजता मी आणि ईशानी आलो तर हॉलचं हीटिंग बंद. केअरटेकर फोन उचलेना. तुमचा मोबाइल लागेना, लागणार कसा, स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसं. मला काही सुचेना हो. शेवटी प्रणवला फोन केला. तर अर्ध्या तासात अलकाताईच येऊन हजर. केअरटेकरच्या घरी जाऊन त्याला घेऊन आल्या. टेबलं ओढली. मी म्हटलं, अहो, तुम्ही वरपक्ष, तुम्ही हात नका लावू. तर म्हणाल्या, त्याला काय होतं."

"म्हणजे त्या मॅचला..."

"कसली मॅच घेऊन बसलात!" सुचेता म्हणाली आणि शिऱ्याच्या पातेल्याकडे वळली.

कार्यक्रम झाला. तो कसा झाला हे मोडकांना नंतर धड सांगता आलं नसतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, अलकाबाईंनी ईशानीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ देताना तिच्या हातांखाली स्वतःचा हात धरला, कारण नारळ मोठा होता. मोडक ते हात पाहत राहिले. नखांत अजून रांगोळीचा लाल रंग होता. आपली मुलगी कुणाच्या घरी जाते आहे, हे सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पाहिलं.

जेवताना सुचेताने मुद्दाम त्यांना विहीणबाईंच्या शेजारी बसवलं. मोडक बटाटेवडा चिवडत बसले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं तिकीट नव्हतं का आजचं?"

"होतं ना. पाहुण्यांच्या कोपऱ्यातलं, चौथ्या रांगेतलं. शेजारच्या डेरेकला दिलं परवाच." त्या वड्याचा तुकडा चटणीत बुडवत म्हणाल्या. "मॅच हलली तेव्हाच मी ठरवलं होतं. सुचेताताईंचा फोन आला नसता तरी गेले नसते."

"पण पाचला तर होतं सगळं. मॅच दोनला संपली. मी आलोच की."

"तुम्ही मुलीचे वडील, तुम्हाला उशीर झाला तर सगळे सांभाळून घेतील. माझ्या लग्नात, सांगलीला, वऱ्हाड तीन तास उशिरा आलं. मुद्दाम नव्हे, पण वरपक्ष ना, घाई कुणाला होती? माझे अप्पा सगळा वेळ मंडपाच्या दारात उभे. बसा म्हटलं तर बसेनात. ते येतील आणि मी बसलेला दिसायला नको, म्हणत होते. उन्हात उभे." त्या थांबल्या. "मी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला मुलगा झाला तर मुलीच्या बापाला दारात वाट बघायला लावायची नाही. आता ट्रॅफिक असतं, पोलीस लोकांना आत थांबवून ठेवतात, काय भरवसा? नकोच ते म्हटलं."

मोडकांनी वडा खाली ठेवला. ते पाणी प्यायले. आज दारात उभं राहून वाट पाहणारा मुलीचा बाप इथे नव्हताच, तो विटनच्या मैदानात मॅच बघत बसला होता, हे तिला ठाऊक होतं आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. टोमणा नाही, थोरपणाचा आव नाही. हार्टलपूलच्या वाऱ्यात बसून राहणारं माणूस असंच असणार, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना त्या बाईंचा इतका आदर वाटला की त्यांना तो लपवावासाही वाटला नाही.

"अलकाताई," ते म्हणाले. विहीणबाई हा शब्द आपोआप गळून पडला. "तुम्ही फार मोठ्या आहात हो."

"छे, भलतंच." त्या लाजल्या. मग जरा वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "आणि एक सांगून ठेवते. ईशानीला मी सांगितलंय, तुमच्या शेजारची ती खुर्ची सोडायची नाही. मुलगी आमच्याकडे येऊ दे, टीम तुमच्याकडेच राहू दे. हे गेल्यावर यांच्या खुर्चीत दुसरं कुणी येऊन बसलं, तो पहिला शनिवार मला अजून आठवतो. तुमच्यावर ती वेळ मी आणायची नाही."

समोर ईशानी मैत्रिणींना अंगठी दाखवत होती, आणि मधूनच बाबा सल्क करताहेत का ते चोरून बघत होती. अलकाबाईंनी पानातला शिरा संपवला, रुमालाने बोटं पुसली, आणि काही वेळाने, उसनं काही मागताना माणूस चाचरतं तशा चाचरत म्हणाल्या, "श्रीनिवासराव, तुम्हाला त्रास होणार नसेल तर... मला फक्त स्कोअर कळलाय. प्रणव इथेच होता, डेरेक अजून पबमध्ये असेल. तुम्ही पाहिलंत ना सगळं? आमचे गोल कसे झाले, सांगाल का?"

तेहतीस वर्षांत मोडकांनी असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हरलेल्या मॅचबद्दल घरात बोलायचं नाही हा नियमच होता. त्यांनी घसा साफ केला. सुरुवात ओढूनताणूनच झाली, चेंडू असा आला, आमचा माणूस असा चुकला. पण पाहुण्यांचा कोपरा त्यांनी नव्वद मिनिटं रागाने पाहिला होता, आणि त्यामुळे तो त्यांना इंचाइंचाने पाठ होता. तो आता त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर येऊ लागला. चौथ्या रांगेत एक जाडा माणूस टोपी तोंडावर धरून रडत होता. एक आजी जिन्यावर बसली होती, गोल झाला तेव्हा तिने वर पाहिलंच नाही, नुसते दोन्ही हात जोडले. दुसरा गोल तर, अलकाताई, खोटं का सांगू, सुरेख होता. आमच्या बाजूला सगळं स्मशान झालं, आणि तिकडून आवाज उठला तो पहिल्यांदा आवाज वाटलाच नाही, छातीवर दाब आल्यासारखं झालं, आणि मग सगळे असे उठले... असे कसे, ते दाखवायला मोडक उभे राहिले. रेशमी कुर्त्यातले दोन्ही हात त्यांनी वर फेकले. त्यांच्या धक्क्याने खुर्ची मागे पडली. सुचेता किचनच्या दारात डाव घेऊन उभी राहिली, आणि ईशानीने तोंडावर हात ठेवला, कारण तिचे बाबा, व्हिलाचे बाबा, ब्लूजच्या गोलावर हात वर करून उभे होते.

अलकाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मिटलेल्या पापण्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"हे असते तर," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "अजून एकदा सांगा ना. पहिल्यापासून."

मोडकांनी पडलेली खुर्ची उचलली, त्यांच्या अगदी जवळ ओढून घेतली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या खेपेला सावकाश, काही न गाळता.